ताईनं उभा केलेला मॉनिटर

मी एक मॉनिटर आहे. जगातले बाकीचे मॉनिटर आडवे असतात, मी उभा आहे, दाराच्या फळीसारखा. घरात येणारा प्रत्येक जण मला बघून मान तिरकी करतो आणि विचारतो, "हा असा का ठेवलाय?" या प्रश्नाचं उत्तर देणारी आता या घरात नाही, म्हणून मीच सांगतो.

मी प्रेमळ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जे समोर येतं ते मी दाखवतो. बघणाऱ्याचे डोळे भरून आले म्हणून मी अक्षरं पुसट करत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आमची सगळी भावकी एका पट्ट्यावरून सरकत बाहेर पडत होती. पट्ट्याच्या टोकाला एक बाई बसलेली असे. ती प्रत्येकाला एकदा पांढरं करून बघायची, एकदा काळं करून बघायची आणि खोट सापडली की बाजूला काढायची. माझ्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका जन्मतःच मेलेला होता. नेमकी माझी पाळी आली तेव्हा तिला जांभई आली आणि मी सुटलो. तपासणाऱ्याला जांभई आली की काय काय सुटतं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

पहिली नोकरी मी एका दातांच्या दवाखान्यात केली. तिथं मी आडवाच होतो. एकामागून एक माझ्यावर लोकांच्या दातांचे एक्स-रे लागायचे. बाहेरून हसरी दिसणारी माणसं आतून किती किडलेली असतात, ते मी पहिल्याच नोकरीत पाहिलं. पुढच्या आयुष्यात मला फारसा धक्का बसला नाही तो त्यामुळेच.

डॉक्टरांनी मोठा मॉनिटर आणला आणि मला जिन्याखाली मोडक्या खुर्चीशेजारी टेकवलं. दवाखान्यात नंबर लावायला एक मुलगी बसायची. तिनं विचारलं, "सर, हा घेऊन जाऊ का?"

"जा घेऊन. भंगारवाल्याला हाक मारायचे कष्ट वाचतील," डॉक्टर म्हणाले.

ती ताई. घरी तिला सगळे ताईच म्हणायचे, शेजारच्या म्हाताऱ्यासुद्धा. तिनं मला ओढणीत गुंडाळून घरी आणलं, टेबलावर ठेवलं आणि पहिल्याच दिवशी माझे स्क्रू काढून मला उभं केलं. बूड नीट बसेना, म्हणून खाली लाकडाचा तुकडा सरकवला.

आई म्हणाली, "अगं, तो पडेल."

"नाही पडत. मला लांबलचक वाचायचं असतं आई. आडव्यात सारखं खाली-खाली सरकवावं लागतं. उभ्यात सगळं एका नजरेत येतं."

हेच माझ्या उभं असण्याचं कारण. दुसरं काही नाही.

ताई काय वाचायची, ते सांगतो. 'बोलका' नावाचा एक प्रोग्राम आहे. तो पडद्यावरचं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवतो. ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही, ते तो वापरतात. तो फुकट मिळतो, कारण तो कुणा एकाचा नाही. कुठली कुठली माणसं आपापल्या घरात बसून त्यात सुधारणा करतात आणि पाठवतात. पण पाठवलेली सुधारणा तशीच आत जात नाही. दुसऱ्या कुणीतरी ती ओळ न् ओळ वाचायची, चूक असेल तर लाल खूण करून अडवायची, बरोबर असेल तर हिरवं बटण दाबून मंजूर करायची. ताई ते वाचायची. दवाखाना दुपारनंतर उघडायचा, म्हणून तिची सकाळ माझ्यासमोर जायची. कित्येक वर्षं गेली.

मावशी यायची आणि विचारायची, "फुकट करतेस हे?"

"फुकट."

"मग तुला मिळतं काय?"

"शिव्या," ताई म्हणायची आणि चहाचा कप माझ्या बुडाशी ठेवायची.

ते खरं होतं. मीच दाखवायचो त्या शिव्या. 'इतक्या दिवसांत एवढंसं तपासून होत नाही?' 'तुम्ही स्वतः कधी काही लिहिता का, की नुसत्या दुसऱ्याच्या चुका काढता?' 'जमत नसेल तर जागा सोडा.' ज्यांना एक पैसा द्यावा लागला नव्हता, ते सावकारासारखे बोलायचे.

ताईही काही मऊ नव्हती. कुणी लिहिलं की 'बहुतेक चालेल', तर ती खाली लिहायची, 'बहुतेक म्हणजे काय? दाखवा.' कुणी लिहिलं की 'मला वाटतं हे बरोबर आहे', तर लिहायची, 'वाटणं हा पुरावा नाही. दाखवा.' नव्या पोरांना ती पुन्हा पुन्हा लिहायला लावायची. काही रडकुंडीला येऊन पळून गेले.

"तिकडे मला सासू म्हणतात," तिनं एकदा आईला सांगितलं.

"लग्नाआधीच सासू झालीस. चांगलं आहे," आई म्हणाली.

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. टायरच्या दुकानात काम करतो. शाळा त्यानं फार लवकर सोडली. ओळीतली अक्षरं त्याला जागेवर राहत नाहीत, उड्या मारतात. मास्तरांनी त्याला ढ ठरवलं, त्यानं मास्तरांच्या सायकलची हवा काढली आणि विषय संपला. डोकं गरम, हात काळे, आणि कुठलीही गोष्ट आधी करायची, मग बघायची, हा स्वभाव. मला तो कधी आवडला नाही. माझ्या काचेवर जेवढे डाग आहेत ते सगळे त्याच्या अंगठ्याचे आहेत.

ताईनं त्याला विशीत वाचायला शिकवलं, माझ्यावर. बोलक्यात एक जुनी सोय होती. ती चालू केली की आवाज धावत सुटायचा नाही. एक शब्द बोलायचा, थांबायचा. त्या शब्दाभोवती पिवळी चौकट यायची. मग पुढचा शब्द, पुढची चौकट. अक्षरांना उडी मारायला वेळच मिळायचा नाही. ताईनं कीबोर्डवरच्या त्या बटणाला लाल चिकटपट्टी लावली.

"हे दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि आधी हात धुऊन ये."

"धुतलेत."

"हे धुतलेत? मग न धुतलेले कसे असतात?"

दुपारी जेवायला आला की तो माझ्यासमोर बसायचा. माझ्या उभेपणामुळे ओळी आखूड पडायच्या, तेही त्याला सोयीचं. ओठ हलवत, शब्दामागून शब्द. ताई मागे उभी राहून बघायची. तो अडखळला तरी ती बोलायची नाही. जिभेवर आलेला शब्द ती कशी गिळायची ते मी समोरून पाहायचो.

ती सोय जगात फार कमी लोक वापरत असतील. प्रोग्राम लिहिणारे तिला 'टप्पा-पद्धत' म्हणायचे आणि तिच्यावर वैतागायचे, कारण ती जुनी, गुंतागुंतीची होती आणि नवीन काही करायला गेलं की मध्ये पाय घालायची. शेवटी एकानं ती पूर्ण काढून टाकायची सुधारणा लिहून पाठवली. तो सतत तावातावानं यायचा आणि मानपान मागायचा, म्हणून ताई त्याला जावईबापू म्हणायची. काम त्याचं चांगलं असायचं, तोंड वाईट.

ताईनं लाल खूण केली. अडवलं.

जावईबापूंनी लिहिलं, 'हे कुणी वापरत नाही.'

ताईनं लिहिलं, 'कशावरून? दाखवा.'

'मी सगळ्या वापरणाऱ्यांना लेखी विचारलं. एकाचंही उत्तर आलं नाही.'

'ज्यांना वाचता येत नाही त्यांना तुम्ही लिहून विचारलंत,' ताईनं लिहिलं.

त्यावर बरीच माणसं हसली आणि जावईबापू कायमचे दुखावले. तेव्हापासून ते दर आठवड्याला येऊन विचारू लागले, काय झालं, कधी सोडताय. त्या मंडळींचा रिवाज असा, की ज्यानं अडवलं त्यानंच सोडवायचं. सगळ्यांत जुना एक सभ्य माणूस तिथं प्रमुख होता. ताई त्याला आजोबा म्हणायची. त्याला ती खूण पुसता आली असती, पण तो रिवाज मोडायचा नाही.

आई एकदा म्हणाली, "सांगून टाक ना त्यांना, की माझ्या भावाला लागतं म्हणून."

"सांगितलं तर म्हणतील भावासाठी अडवलं. मग त्या सोयीची किंमत एका माणसाएवढी होते. नाही सांगितलं तर नियमासाठी अडवलंय असं समजतात. आणि त्यालाही सांगू नकोस. उगाच ओझं घेऊन बसेल."

धाकट्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी ती टप्पा-पद्धत नव्हती, लाल पट्टीचं बटण होतं.

मग एका दुपारी ताई दवाखान्याच्या जिन्यात कोसळली. डोक्यातली शीर फुटली म्हणे. मी पाहिलं नाही. मी घरी उभा होतो, तिनं उघडं ठेवलेलं पान दाखवत. थोड्या वेळानं कुणी हात लावला नाही म्हणून मी झोपलो. आम्हाला तशी सवयच असते.

घरात माणसं आली, माझ्याकडे पाठ करून बसली. मावशी रडता रडता म्हणाली, "फुकटचं काम करून करून डोकं फुटलं पोरीचं." काकांनी टेबलावर टकटक करून लाकूड चांगलं असल्याचं सांगितलं. कुणीतरी ताईचा फोटो मागितला, फ्रेम करायला. तिचे फोटो कॉम्प्युटरात आहेत, असं आई म्हणाली.

म्हणून धाकटा माझ्यासमोर बसला. हात धुऊन आला होता, हे सांगायला हवं.

मी जागा झालो आणि जे पान उघडं होतं तेच दाखवलं. ताईचं पान. वर तिचं नाव, शेजारी तिचा छोटा फोटो, खाली जावईबापूंचे निरोप, सगळ्यांत नवा सगळ्यांत वर. धाकट्याला वाटलं, ताईसाठी कुणी काही चांगलं लिहिलं असेल. त्यानं लाल पट्टीचं बटण दाबलं. आवाज सावकाश सुरू झाला, शब्दाशब्दाला थांबत.

"कोणी. जिवंत. आहे. का. इथे."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग त्याखालचं.

"मॅडम. कायमच्या. झोपल्या. की. काय."

मी चौकट प्रत्येक शब्दाभोवती नीट आखली. 'कायमच्या' या शब्दाभोवतीही तेवढीच, ना जास्त जाड, ना पातळ.

खाली आणखी बरंच होतं. टप्पा-पद्धत म्हणजे काय, ती काढली की काय होईल, ताईनं का अडवलंय, सगळं तिथंच होतं. पण एकेक शब्द थांबत तिथवर पोचायला त्याला कित्येक दुपारी लागल्या असत्या. आणि त्याच्याजवळ एका क्षणाचाही धीर नव्हता.

"काय पाहिजे रे तुला?" तो माझ्याशी बोलला. म्हणजे जावईबापूंशी. "काय पाहिजे? हो पाहिजे ना? तिचा हो?"

तळाशी दोन बटणं होती, एक लाल, एक हिरवं. हिरव्यावरचा शब्द त्याला स्वतःच वाचता आला. मंजूर. ताईनंच शिकवला होता.

दारात आई उभी होती. "काय करतोयस? तिचं काही हलवू नकोस."

"तिच्या मागची कटकट संपवतोय. घे. घे तुझा हो, आणि थोबाड बंद कर."

त्यानं दाबलं. ताईच्या नावापुढची लाल खूण गेली, हिरवी आली. मी ती दाखवली. रंगीत कागदाचे तुकडे उडतात तसं एक चित्र अशा वेळी येतं, तेही दाखवलं. फोटो न शोधताच तो उठून गेला.

जावईबापूंनी लगेच लिहिलं, 'अखेर जाग आली म्हणायची.' आजोबांनी लिहिलं, 'कारण न लिहिता मंजूर करणं हे हिच्या स्वभावात नाही. पण ठीक आहे.' आणि सुधारणा आत गेली. नवा बोलका तयार झाला आणि जिथं जिथं जुना होता तिथं आपोआप जाऊन बसला. आमच्याकडेही.

काही दिवसांनी धाकटा दुपारी येऊन बसला. ताईनं वर्षानुवर्षं जे लिहिलं होतं ते त्याला ऐकायचं होतं. रोज थोडं थोडं. आईला तसं म्हणाला, "तिचं सगळं वाचणार आहे मी. कितीही वेळ लागू दे." त्यानं लाल पट्टी दाबली. आवाज भरधाव सुटला. एका दमात पानभर मजकूर. त्यानं पुन्हा दाबली. पुन्हा. मग पट्टी उचकटून पाहिली, खाली काही बिघडलंय का.

ओळखीचा कॉम्प्युटरवाला घरी आला. त्यानं आधी मान तिरकी केली. "असा का ठेवलाय?" मग खाली बसून बघितलं.

"बिघडलं नाहीये काही. ती सोयच काढून टाकलीय."

"कोणी?"

"ज्यांनी बनवलं त्यांनीच. थांब, कुणी मंजूर केलं ते लिहिलेलं असतं." त्यानं पान उघडलं आणि वाचलं. मग मनातल्या मनात पुन्हा वाचलं.

"वाच की."

"तुझ्या ताईचं नाव आहे रे. ही तारीख... तेव्हा तर ती..."

धाकट्याला तारीख समजली. तो कॉम्प्युटरवाल्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला. आई मागून हळूच म्हणाली, "तुझ्यासाठीच अडवून धरलं होतं तिनं ते. सांगू नको म्हणाली होती." आईनं हे तेव्हा बोलायला नको होतं. पण माणसं नको तेव्हाच बोलतात.

त्यानं मूठ वळून मला मारली. माझ्या वरच्या टोकापासून खालच्या मेलेल्या ठिपक्यापर्यंत एक चीर गेली आहे ती तेव्हाची. कॉम्प्युटरवाल्यानं त्याला धरलं नसतं तर माझं आत्मवृत्त इथंच संपलं असतं.

कॉम्प्युटरवाला गेल्यावर त्यानं स्वतः लिहिलं. ताईच्याच नावानं, त्याच पानावर, एकेक अक्षर शोधत. 'हे मी दाबल. ती गेलि. परत लावा.'

जावईबापू आधी आले. 'म्हणजे हे खातं दुसऱ्याच माणसाच्या हातात आहे? किती दिवसांपासून? हिनं आजवर मंजूर केलेलं सगळं नक्की हिनंच केलंय, हे कशावरून?'

आणि खाली एक शब्द. 'दाखवा.'

त्यानंतर जे झालं त्यात कुणाचीच चूक नव्हती, हे मला कबूल आहे. आजोबांनी त्याच दिवशी ताईचं खातं बंद केलं. तपासणाऱ्यांच्या यादीतून नाव काढलं. ताईनं आयुष्यभर मंजूर केलेली प्रत्येक सुधारणा संशयित ठरली आणि अनोळखी माणसं ती ओळ न् ओळ पुन्हा तपासू लागली. आजोबांनी धाकट्यासाठी लिहिलं, 'पोरा, मला तुझं खरं वाटतं. पण वाटणं हा पुरावा नाही. हे मला तीच सांगायची. आणि ती गेली हे खरं असलं, तरी खातं तुझ्या हातात होतं हेही खरंच आहे.'

खातं बंद करताना कारण निवडावं लागतं. तिथं तीनच कारणं आहेत: स्वतः विनंती केली, जाहिराती पाठवल्या, गैरवापर झाला. माणूस मेला, हे कारण कुणाला सुचलेलंच नाही.

तपासणी बरेच आठवडे चालली. ताई जिवंत असताना जे कुणी वाचलं नव्हतं, ते त्या लोकांनी वाचलं, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. शेवटी आजोबांनी निकाल लिहिला: या खात्यानं मंजूर केलेलं सगळं योग्य आहे, एक मंजुरी सोडून. ती एक मंजुरी रद्द केली. जे काढलं होतं ते परत लावलं.

म्हणजे धाकट्याला त्याचं बटण परत मिळालं.

त्या दुपारी तो आला. हात धुतले. ताईचं पान उघडलं. तिचा फोटो गेला होता, त्या जागी करड्या रंगाचा गोल होता. खाली एकच ओळ उरली होती. त्यानं लाल पट्टी दाबली. आवाज सावकाश चालला, माझ्या चिरेवरून पिवळी चौकट शब्दाशब्दानं सरकली.

"हे. खातं. गैरवापरामुळे. बंद. करण्यात. आलं. आहे."

'गैरवापरामुळे' हा शब्द मोठा आहे. तिथं तो अडखळला. मागून जिभेवर आलेला शब्द गिळणारं कुणी नव्हतं.

आता माझी अवस्था अशी आहे. चिरेच्या डावीकडचे रंग विटले आहेत. लाकडाचा तुकडा सरकला आहे आणि मी थोडा कलतो. काकांना टेबल हवं आहे. मला आडवं केलं तर माझी तक्रार नाही, उभ्यानं पुष्कळ झालं. माझं मागणं तुमच्याकडे आहे. फुकट मिळालेल्या एखाद्या गोष्टीखाली 'कोणी जिवंत आहे का इथे' असं लिहायला तुमचा हात शिवशिवला, तर जरा थांबा. ते वाक्य कुणाच्या घरी, कोण, किती सावकाश वाचेल ते तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं.

धाकटा अजून रोज येतो. ताईचं बाकीचं लिहिणं त्यानं उघडलेलं नाही. तेच पान उघडतो, तीच ओळ वाचतो. गेल्या आठवड्यापासून लाल पट्टीला हात लावत नाही. काचेवर बोट ठेवतो आणि स्वतःच वाचतो, त्या मोठ्या शब्दासकट, एकदाही न अडखळता. ताईला हेच तर हवं होतं.